बावीस यार्डांत किती स्ट्राइड?

ठाणे,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

प्रिय मुली,

‘सर, मी घोड्यावरून एक मीटर उंचीच्या जंपला कधी जाणार?’ हा तुझा मेसेज काल तलावपाळीवर उभा असताना, विसर्जनाच्या ढोलताशांत वाचला. फोनवर एका ओळीत उत्तर देता आलं असतं, पण ते तुला आवडलं नसतं. म्हणून वही काढली. अक्षर लागलं नाही तर आईकडून वाचून घे. यातलं थोडं तिच्याही कानावर पडलेलं बरं.

तू पाठवलेला व्हिडिओ चार वेळा पाहिला. सहा उड्या आहेत. सहाही वेळा घोडा जंपच्या तोंडाशी आला की चित्र सुरू होतं आणि पलीकडे उतरला की संपतं. मधलं सगळं कापून टाकलंयस. मला तेच बघायचं होतं. मिनिटभराच्या फेरीत दहा-बारा जंप असतात आणि घोडा हवेत असतो तो वेळ सगळा मिळून दहा सेकंदसुद्धा भरत नाही. तेवढा वेळ घोड्याचा. बाकीच्या पन्नास सेकंदांत तू काय करतेस यावर पोल, म्हणजे जंपवरचा आडवा दांडा, पडायचा की राहायचा ते ठरतं, आणि तेच तू काढून टाकलंस!

तुमच्या सोसायटीमागच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळतात ना, तिथे जा. स्टंपपासून स्टंपपर्यंत २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. आता हिशेब कर. कँटरची, म्हणजे घोड्याच्या मध्यम दौडीची, एक स्ट्राइड (चारही पायांची एक पूर्ण ढांग) आपण १२ फुटांची धरतो, म्हणजे आपली तीन-तीन फुटांची चार पावलं. पहिल्या जंपवरून घोडा उतरतो तिथे ६ फूट सोडायचे, पुढच्या जंपला तो जिथून सुटतो तिथे ६ फूट सोडायचे, आणि उरलेल्याला १२ ने भागायचं. दोन जंपमध्ये ६० फूट असतील तर ४ स्ट्राइड बसतात, ७२ असतील तर ५. मग ६६ ला किती?

साडेचार. आणि अर्धी स्ट्राइड घोडा टाकत नाही. इथेच घोडं पेंड खातं, अगदी शब्दशः. उतरल्याबरोबर त्याला आवरून पाच आखूड घ्यायच्या, नाहीतर मोकळा सोडून चार लांब. दोन्ही बरोबर आहे. कुठला घोडा आहे आणि पुढे वळण कुठे आहे ते बघून ठरवायचं, पण ठरवायचं उतरतानाच. परवा माझ्यासमोर तू काय केलंस ते आठव. तिसऱ्या जंपनंतर तीन स्ट्राइड नुसती बसून राहिलीस आणि चौथीला दचकून लगाम खेचलास. घोड्याने मान वर केली, पाठ ताठ केली आणि मागच्या पायाने पोल पाडला. तू मेसेजमध्ये लिहिलंस, ‘तो पाय उचलत नाही.’ उचलेल कसा?

(सध्या तू ७०-८० सेंटिमीटरला आहेस. एवढ्याशा जंपला घोडा जवळून सुटतो आणि जवळच उतरतो, क्लबचे घोडे तसेही आखूडच चालतात. त्यामुळे ६६ फुटांत पाच आरामात बसतील. उंची वाढली की हा आराम संपतो.)

म्हणून तुझं पहिलं काम घोड्याशिवायचं आहे. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खडूने तीन-तीन फुटांवर रेघा मार आणि त्यांवरून चाल. रोज दहा मिनिटं, पुढचा महिनाभर. तुझं पाऊल सध्या अडीच फुटांचं असावं असा माझा अंदाज आहे. अशा पावलाने कोर्स, म्हणजे मैदानात मांडलेल्या जंपचा मार्ग, मोजलास तर प्रत्येक अंतर तुला लांब वाटेल, तू एक स्ट्राइड जास्त बसवायला जाशील आणि प्रत्येक जंपवर घोड्याला उगाच आवरत बसशील. वॉचमन हसला तर हसू दे.

स्पर्धेच्या दिवशी कोर्स पायी फिरायला देतात तेव्हा बहुतेक पोरं नंबर पाठ करत घोळक्याने हिंडतात. नंबर पाठ हवेतच. लाल झेंडी उजव्या हाताला आणि पांढरी डाव्या हाताला, हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. पण तू त्या वेळी कोपरे बघ. कुठल्या कोपऱ्यात किती आत शिरायचं, वळून बाहेर आल्यावर जंपच्या मधोमध सरळ यायला किती स्ट्राइड हातात राहतात, तिथली वाळू खोल आहे का. ऊन कुठल्या जंपवर समोरून येतंय. बाहेर जायचं फाटक कुठल्या बाजूला आहे. फाटकाकडे जाणाऱ्या ओळीत घोडा आपोआप वेग घेतो, त्याला घर दिसतं. फाटकाकडे पाठ करून जाताना तोच घोडा पाय ओढतो. मोजपट्टीवर दोन्ही ओळी पाच स्ट्राइडच्या, पण बसून बघ.

माझ्या विशीतली एक गोष्ट सांगतो, ती आईला वाचून दाखवू नकोस. कोर्स तोंडपाठ होता, घोडा तयार होता, आत जाऊन पंचांना सलाम ठोकला आणि थेट पहिल्या जंपवर गेलो. सुरेख उडी. बेल झालीच नव्हती. तिथल्या तिथे बाद! बाहेर आलो तर घोड्याची देखभाल करणारा आमचा म्हातारा सईस त्याला थोपटत होता, माझ्याकडे बघेना. बेल झाल्यावर ४५ सेकंद मिळतात. तेवढ्यात घोड्याला दूरचा कोपरा दाखवता येतो, तुला दोन श्वास घेता येतात. ते पुरते वापर.

गुणांचं थोडक्यात: पोल पडला तर ४ दंडगुण, घोडा अडला तर ४. आंतरराष्ट्रीय नियमांत दुसऱ्यांदा अडला की बाद, पडलीस तरीही बाद. ठरलेल्या वेळेत एकही दंडगुण न घेता सगळं साफ केलंस तर जंप-ऑफ, म्हणजे बरोबरीत असलेल्यांची वेळेवर ठरणारी जास्तीची फेरी. तो घड्याळाचा खेळ तुझ्यासाठी अजून दोन वर्षं लांब आहे.

अडण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण परवा तू क्लबच्या त्या पंचकल्याणी घोड्याला ‘अडेलतट्टू’ म्हणालीस आणि चाबूक मागितलास. घोडा अडला की आधी स्वतःला विचारायचं. मी वाकडी आणली का? वेग पुरेसा होता का? शेवटच्या क्षणी पाय सैल सोडले का? याची उत्तरं खरी दे. मग घोड्याकडे जा आणि पाठीवर हात दाबून बघ, खूर उचलून बघ, तोंडात लगामाने जखम झालीय का बघ. चाबकाची पाळी यानंतर, आणि बहुतेक वेळा येतच नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ मागचंही दिसतं, पण कपाळासमोरचा थोडा भाग दिसत नाही. उडी घेतो त्या क्षणी समोरचा पोल त्याच्या नजरेतून गेलेला असतो. आधी पाहिलेलं लक्षात ठेवून तो स्वतःला हवेत झोकून देतो. अशा वेळी पाठीवरच्या माणसाने लगामाला झटका दिला तर पुढच्या वेळी त्याने विश्वास का ठेवावा?

जुन्या काळी सगळे तेच करायचे. उडीवर मागे रेलायचे आणि तोल सांभाळायला लगाम धरून ठेवायचे. इटलीच्या घोडदळातल्या फेदेरिको काप्रिल्ली या अधिकाऱ्याने मोकळे घोडे उड्या मारतात ते नीट निरखलं आणि स्वाराने घोड्याबरोबर पुढे जायला हवं, त्याची पाठ आणि मान मोकळी सोडायला हवी, असं मांडलं. १९०७ मध्ये तो घोड्यावरून पडूनच वारला, चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. आज जगात सगळे त्याच्याच पद्धतीने बसतात. आपल्याकडे ‘मांड पक्की’ म्हणतात ना, जंपिंगला ती मांड रिकिबीत आणि पोटऱ्यांत असते. रिकिबी दोन-तीन भोकं वर घे, वजन टाचेत जाऊ दे, हात मानेबरोबर पुढे. हे जमेपर्यंत अयाळ धरलीस तरी चालेल. त्यात कमीपणा नाही, घोड्याचं तोंड तरी वाचेल.

आता तुझ्या नव्या लाडक्याबद्दल. तो रेसमधून आलाय, आणि महालक्ष्मीची रेस जवळ असल्याने आपल्याकडच्या क्लबांत असे घोडे बरेच. देखणे असतात, शूर असतात. पण रेसमध्ये लगाम ताणला गेला की त्यावर रेलून पळायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं असतं. तू खेचशील तर तो आणखी जोर लावील, आणि तुला वाटेल उधळला. त्याला थांबवायचं शरीराने. पाठ सरळ कर, लगाम घट्ट धर, सोड, पुन्हा धर. आणि वर्तुळं. वीस मीटरची कंटाळवाणी वर्तुळं, दोन्ही हातांना, डाव्या हाताला जास्त कारण तिकडे तो लाकडासारखा आहे. तुला हे ‘बोअर’ होतं, माहितीय. २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई स्पर्धांत भारताने घोडेस्वारीत ४१ वर्षांनी सुवर्णपदक मिळवलं. ते ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोडा नेमक्या चालीत आणि आकृत्यांत चालवून दाखवायच्या प्रकारात, याच वर्तुळांत, आणि त्या चौघांत आपल्या मुंबईचा हृदय छेडा होता. उरलेल्या तिघांत दोघी मुली, हेही तुझ्या आजीला सांग. या खेळात बायका-पुरुष एकाच यादीत उतरतात. ऑलिंपिकच्या जंपिंगमध्ये मात्र बायकांना १९५६ पर्यंत आत घेतच नव्हते.

वडिलांनी परवा बाजूला घेऊन विचारलं, ‘एखादा घोडा घेऊनच टाकू का हिला?’ मी नको म्हणालो, तू रागावशील हे ठाऊक असून. घोडा विकत घेणं हा त्यातला स्वस्त भाग आहे. त्यानंतर चंदी, वैरण, सईसाचा पगार, दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद, आणि पोटात कळ आली की मध्यरात्री डॉक्टर. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोटदुखी त्याच्या जिवावर बेतते. शिवाय एकाच घोड्यावर बसलीस तर त्याच्या खोडींनाच तू घोडेस्वारी समजशील. अजून दोन वर्षं क्लबचे सगळे घोडे चढून घे, म्हातारा पंचकल्याणी धरून. पैसे खर्च करायचेच असतील तर हेल्मेटवर करा. नवं, मापाचं, प्रमाणित. कुणाचं वापरलेलं नको, आणि एकदा जोरात आपटलं की वरून चांगलं दिसलं तरी फेकून द्यायचं.

पावसाने आपले चार महिने खाल्ले. वाळू अजून ओली आहे, त्यामुळे दसऱ्यापर्यंत मोठ्या जंप नाहीत. तोवर जमिनीवरच्या पोलवरून दुडकी, रिकिबीशिवाय. खूर रोज साफ करायचे आणि मधली चिर कोरडी ठेवायची. या दिवसांत तिथे सडतं आणि आधी वास येतो. हे काम आपल्या सईस मामांवर टाकून निघून जाऊ नकोस. खरारा करताना कुठल्या जागी हात लावला की घोडा कातडी थरथरवतो ते तुला कळलं पाहिजे. मामा तीस वर्षं हेच करताहेत. घोडा आज बरा नाही हे त्यांना माझ्याआधी कळतं. त्यांना विचारत जा.

आणि दहावी. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, बोर्डाची परीक्षाही त्याच टोकाला. यंदा डिसेंबरपर्यंतच्या स्पर्धा कर, मग परीक्षा होईपर्यंत आठवड्यातून एकदा ये, नुसती बसून जा. एक हंगाम हुकला म्हणून कुणाचं करिअर बुडत नाही. घोडेस्वार चाळिशीत, पन्नाशीत ऑलिंपिकला जातात, एवढी मुभा फार थोड्या खेळांत आहे. पुढे ज्युनियर नॅशनल डोक्यात असेल तर इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाकडे नोंदणी लागते. तो फॉर्म परीक्षेनंतर आपण बसून भरू.

राहिला तुझा एक मीटर. १९४९ मध्ये चिलीत उआसो नावाच्या घोड्याने २ मीटर ४७ सेंटिमीटर उडी मारली, ती अजून कुणी मोडलेली नाही. तेव्हा एक मीटरची चिंता घोड्याला नाही. तुझ्यासाठी माझी अट अशी: ८० सेंटिमीटरच्या तीन फेऱ्या, तीन वेगळ्या घोड्यांवर, त्यातला एक पंचकल्याणी. मी काठावरून ‘आवर, आवर’ ओरडणार नाही. बाहेर आलीस की मी कुठल्याही दोन जंपवर बोट ठेवीन आणि मधे किती स्ट्राइड टाकल्यास ते तू सांगायचं. पोल पडला तर चालेल, आकडा चुकला तर चालणार नाही. हे जमलं त्याच्या पुढच्या रविवारी मी स्वतः पोल वर चढवीन.

या रविवारी साडेपाचला ये. गायमुखला ट्रक अडकलेले असतात, वडिलांना म्हणावं जरा आधी निघा. येताना घरातली मोजपट्टी आण, माझी कुठे गेली ती सापडत नाही. आणि पूर्ण फेरीचा व्हिडिओ हवाय, आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंतचा. मोबाइल मामांच्या हातात दे.

तुझे,
सर