गौरीशंकर की एव्हरेस्ट?

प्रश्न : नातवाच्या गृहपाठात 'सर्वांत उंच शिखर – एव्हरेस्ट' वाचून माझे सासरे म्हणाले, "आम्हाले तर गौरीशंकर शिकवलं होतं." नातू हसला, सासरे रुसले. खरं कोणाचं? आणि हे नाव आलं कुठून?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, पहिले सासऱ्यांचा रुसवा काढा. ते मनचं बोलत नाहीत. माझ्या वडिलांच्या ट्रंकेतल्या भूगोलाच्या पुस्तकात 'गौरीशंकर अथवा एव्हरेस्ट' असंच छापलेलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही फळ्यावर तेच लिहिलं आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी ते अख्ख्या वर्गासमोर पुसलं. पुसलं ते बरोबरच, पण तेव्हा फार लागलं होतं.

घोळ असा झाला. 1850 च्या दशकात हेर्मान श्लागिन्टवाइट या जर्मन प्रवाशाने काठमांडूजवळून एक देखणं शिखर पाहिलं. लोक त्याला गौरीशंकर म्हणत. हेच ते सर्वांत उंच, असं त्याने ठरवलं. 1903 मध्ये सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन वुड यांनी तिथूनच मोजणी केली, तेव्हा दोन्ही शिखरं वेगळी निघाली. मधे जवळपास साठ किलोमीटर अंतर! गौरीशंकर 7134 मीटर, म्हणजे एव्हरेस्टपेक्षा पावणेदोन हजार मीटर बुटकं. पण छापलेली चूक लवकर मरत नाही.

आता नावाचं. नेपाळात शिरायला बंदी, म्हणून हिंदुस्थानची मोजणी करणाऱ्या इंग्रज सरकारच्या सर्वेक्षणवाल्यांनी शिखरं तराईतून, दीडशेहून अधिक किलोमीटरवरून, दुर्बिणीच्या यंत्राने मोजली आणि त्यांना नुसते आकडे दिले. आजचं एव्हरेस्ट हे पंधरावं. राधानाथ सिकदार या बंगाली गणितीने हिशेब मांडला, उंची निघाली 29,002 फूट. 1856 मध्ये सर्वेक्षणप्रमुख अँड्र्यू वॉ यांनी ती जाहीर केली. स्थानिक नाव सापडत नाही म्हणून आपले आधीचे साहेब जॉर्ज एव्हरेस्ट यांचं नाव सुचवलं. खरं तर तिबेटी लोकांचं 'चोमोलुंग्मा' 1733 च्या फ्रेंच नकाशावर आलेलंच होतं. नेपाळींचं 'सगरमाथा' मात्र विसाव्या शतकात रुळलं.

गंमत म्हणजे एव्हरेस्टसाहेबांनाच हे पटलं नव्हतं. ते 1843 मध्येच निवृत्त होऊन विलायतेला गेले होते. हे नाव हिंदीत लिहिता येणार नाही, तिथल्या लोकांना उच्चारता येणार नाही, असं 1857 मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीला सांगितलं. त्याच सोसायटीने 1865 मध्ये ते कायम केलं. उच्चाराबाबत साहेबांचं काही चुकलं नाही. ते स्वतःला 'ईव्ह-रेस्ट' म्हणवत. आपणच काय, इंग्रजही तसं म्हणत नाहीत!

आणि हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही हो. एव्हरेस्टसाहेबांच्या आधी हिंदुस्थानच्या या मोजणीचा प्रमुख होता विल्यम लॅम्बटन. 1802 मध्ये मद्रासजवळ त्याने काम सुरू केलं आणि वीस वर्षं साखळ्या नि यंत्रं घेऊन उत्तरेकडे सरकत राहिला. 1823 च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरला येताना तो वाटेतच, हिंगणघाटला वारला. त्याची जागा एव्हरेस्टला मिळाली. लॅम्बटनची कबर हिंगणघाटलाच आहे, इथून पाऊणशे किलोमीटर. सासऱ्यांना झेपत असेल तर नातवासोबत एका रविवारी न्या.

गृहपाठात उंची 8848.86 मीटर लिहायला सांगा. 2020 मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेली तीच आहे.