वाटणीत आकसणारे शिवार

प्रश्न : आमच्या आजोबांची करवीर तालुक्यातील आठ एकर जमीन आज नऊ वाटेकऱ्यांत विभागली असून प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पस्तीस गुंठे येतात. याला केवळ वाढती लोकसंख्याच कारणीभूत आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लोकसंख्या हे मूळ कारण खरे, पण एकमेव नव्हे. 2001 मध्ये सुमारे 35 लाख असलेली कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 38 लाखांवर गेली; ही वाढ राज्याच्या सरासरीहून कमीच होती. तरीही तुकडे पडत राहिले, कारण शेतीबाहेर भरवशाचा रोजगार नसेल तर वारसाहक्काचा हिस्सा सोडणे कोणालाच परवडत नाही. राज्यातील सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एका खातेदाराकडील शेतजमीन, 1970-71 मध्ये चार हेक्टरांहून अधिक होते, ते 2015-16 च्या कृषिगणनेत दीड हेक्टरांखाली आले. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने तुकड्यांच्या व्यवहारांना आळा घातला. परंतु सातबारा सामाईक ठेवून घरच्या घरी घातलेले बांध त्याला कसे दिसावेत?

प्रत्येक नवा बांध आणि वाट थोडी जमीन खाते, अरुंद पट्टीत ट्रॅक्टर वळवताना कडेची सरी तुडवली जाते, आणि आतल्या तुकड्यातील ऊस बाहेर काढण्यासाठी शेजाऱ्याची तोड होईपर्यंत थांबावे लागते. त्यातच गावठाण अपुरे पडल्याने घरे शेतात सरकतात. शहरालगतच्या गावांत तर उसाच्या फडाला लागूनच प्लॉटचे दगड रोवलेले दिसतात. मालकी स्वतंत्र ठेवून विहीर, पाइपलाइन आणि मशागत एकत्र ठेवता येते का, हे आपण नऊ जणांनी आधी पाहावे; नवा बांध त्यानंतर घालावा.