ब्रॉन्झ म्हणजे तिसरा नंबर का हो?

गेल्या महिन्यात याच पानावर मी सहज लिहून गेले, की स्कॉटलंडमधल्या शाळांविषयी काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा. वाटलं होतं, दोन-तीन पत्रं येतील. आली सतरा. त्यातली चार आज घेते. आधीच सांगून ठेवते, मी शिक्षिका नाही. फाइफमधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत अकरा वर्षं लॅब टेक्निशियन आहे. आम्लं पातळ करायची, बीकर धुवायचे, तास संपला की स्काल्पेल मोजून घ्यायची, हे माझं काम. थोरला मुलगा इथल्याच शाळेतून शिकून बाहेर पडला, धाकटी अजून शिकतेय. तेव्हा जे सांगते ते सगळं मागच्या दारातून पाहिलेलं आहे.

मिस्टरांची ॲबर्डीनला बदली झाली आहे. मुलगी इथे नववीत आहे, तिकडे तिला ‘एस थ्री’मध्ये घेणार म्हणतात. ओळखीचे सांगतात, तिथे मुलं पुस्तकं घरी आणत नाहीत, परीक्षा नसतात, आणि स्वयंपाक-सुतारकाम हेही विषय असतात. दोन-तीन वर्षांत हिचा अभ्यास पार बसेल का? – एक आई, पुणे

ताई, ओळखीचे खोटं बोलत नाहीत, पण त्यांनी अर्धंच सांगितलंय.

प्राथमिकच्या सात इयत्ता झाल्या की एस वन ते एस सिक्स अशी सहा वर्षं हायस्कूल. पहिल्या तीन वर्षांत बोर्डाची परीक्षा नाही. वहीला इथे जॉटर म्हणतात, आणि ती बहुतेक वेळा वर्गातल्या कपाटातच राहते. दप्तरात डबा, पी.ई.चे कपडे आणि एक चुरगळलेली चिठ्ठी, एवढंच सापडेल. पहिल्या वर्षी मीही दप्तर उलटंपालटं करून पाहिलं होतं. एस फोरला नॅशनल फाइव्ह, एस फाइव्हला हायर आणि एस सिक्सला ॲडव्हान्स्ड हायर, अशी परीक्षांची चढण आहे. आर्ट्स-सायन्स-कॉमर्स अशी वाटणी नाही. केमिस्ट्रीबरोबर संगीत घेता येतं, फिजिक्सबरोबर इतिहास. परीक्षा घेणारी संस्था इतकी वर्षं एसक्यूए होती, तिची जागा आता क्वालिफिकेशन्स स्कॉटलंडने घेतली आहे. स्टाफरूममध्ये मात्र जुनंच नाव चालू आहे, व्हीटीला बोरीबंदर म्हणणाऱ्यांसारखं.

एस थ्रीचं गणित तुमच्या मुलीला बहुधा सोपं जाईल आणि ती कंटाळेल. ते गणिताच्या शिक्षकांना सरळ सांगा, वरच्या सेटमध्ये, म्हणजे पुढे असलेल्या मुलांच्या गटात घालतात. तिचे पाढे मात्र विसरू देऊ नका. नॅशनल फाइव्हला आणि हायरलाही गणिताचा पहिला पेपर कॅल्क्युलेटरशिवाय असतो, आणि तिथे आपली मुलं चमकतात.

खरी मेख पुढे आहे. हायरला ‘एक वर्ष’ असतं असं सगळे म्हणतात. नॅशनल फाइव्हच्या परीक्षा संपल्या की बऱ्याच शाळांत जूनमध्येच पुढच्या वर्षाचं वेळापत्रक सुरू होतं. मग जूनअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत सुट्टी. हिवाळ्यात प्रिलिम, म्हणजे आपल्याकडची पूर्वपरीक्षा. आणि एप्रिल संपता संपता खरी परीक्षा. बोटांवर मोजून पाहा, हातात काय उरतं ते. नॅशनल फाइव्हला ‘ए’ मिळवून निवांत झालेली मुलं हायरच्या प्रिलिमला ‘डी’ घेऊन माझ्या प्रेप रूमच्या, म्हणजे प्रयोगांची तयारी करायच्या खोलीच्या, दारात रडलेली मी पाहिली आहेत. स्कॉटलंडची विद्यापीठं एस फाइव्हच्या हायरकडे बारकाईने बघतात. तेव्हा एस थ्रीत सैल सोडा, हरकत नाही; एस फाइव्हला अजिबात नको.

आता स्वयंपाक. नॅशनल फाइव्हच्या प्रॅक्टिकल कुकरीची प्रात्यक्षिक परीक्षा अशी असते: तीन कोर्सचं जेवण, प्रत्येक पदार्थ चार जणांपुरता, अडीच तासांत. वेळेचं नियोजन आधी कागदावर. लग्नघरात वावरलेल्या बाईलासुद्धा घाम फुटेल. आणि पातळी फिजिक्सच्या नॅशनल फाइव्हचीच, पाचवी. माझ्या मुलाने सुतारकाम घेतलं तेव्हा सांगलीहून सासूबाईंचा फोन आला होता, ‘अगं, एवढ्या लांब जाऊन रंधा?’ त्याने केलेल्या खोक्यात आज माझा मसाल्याचा डबा असतो. एका कोपऱ्याचा सांधा जरा उघडा आहे. तो का उघडा राहिला हे त्याला लेखी सांगावं लागलं होतं, आणि ते मला त्या खोक्याहून जास्त आवडलं.

कारण माझ्या लॅबमध्येही हेच चालतं. सायन्सच्या नॅशनल फाइव्हला असाइनमेंट असते. प्रश्न ठरवायचा, प्रयोग करायचा, आणि अहवाल शाळेतच, ठरलेल्या वेळात बसून लिहायचा. गेल्या वर्षी एका मुलीने ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या होत्या, कोणती गोळी जास्त आम्ल मारते ते बघायला. तीनदा केलं, तीनदा वेगळं रीडिंग. ती मला हळूच विचारते, ‘मिस, मधलं खोडू का?’ खोडायचं नाही. तसंच ठेवायचं आणि का चुकलं असेल ते लिहायचं. तिने शोधून काढलं, की एक गोळी तिने अख्खी टाकली होती, बाकीच्या कुटून. हे बघताना मला माझं बारावीचं जर्नल आठवलं. सबमिशनच्या आदल्या रात्री मैत्रिणीचं समोर ठेवून उतरवलेलं, सगळी रीडिंगं कशी देखणी!

एक छोटी सूचना. डिसेंबरात पी.ई.च्या तासाला केलीचे, म्हणजे इथले पारंपरिक समूहनाच शिकवतात, ख्रिसमसच्या पार्टीसाठी. मुलामुलींनी हात धरून गोल फिरायचं असतं. मुलीला आधी सांगून ठेवा, म्हणजे ती दारामागे लपणार नाही. स्कॉटिश मुलंही लाजतातच म्हणा.

आम्ही माळकरी. मुलाने बायॉलॉजी घेतलंय. वर्गात प्राण्याचं हृदय कापतात असं तो म्हणतो. करावंच लागेल का? – एडिनबरा

नाही. कापतात हे खरं, आमच्याकडे मेंढीची हृदयं खाटकाकडूनच येतात आणि सकाळी ती धुऊन ट्रेमध्ये मांडणारी बाई मीच. पण ज्याला नको असेल त्याच्यावर सक्ती करत नाहीत. आमच्या शाळेत अशा मुलांना प्लास्टिकचं मॉडेल आणि चित्रं देतात. शिक्षकांना चार दिवस आधी दोन ओळींची ईमेल टाका, कारणाचा निबंध नको. दर वर्षी दोघे-तिघे असतात, आणि त्यातले निम्मे आपले नसतात.

माझा नातू ग्लासगोला शिकतो. मागच्या आठवड्यात सूनबाईंनी फोटो पाठवला, नातवाच्या हातात सर्टिफिकेट, खाली लिहिलेलं ‘ब्रॉन्झ’. सगळ्यांनी अभिनंदन केलं, मीही केलं. पण मनातून रुखरुख लागली, पोरगा तिसरा आला. आमच्या वेळी तिसऱ्या नंबराला कोणी पेढे वाटत नसे. पहिला कोण आला हे विचारलं तर सूनबाई नुसत्या हसल्या. – निवृत्त मुख्याध्यापक, कराड

गुरुजी, पेढे वाटा. निदान अर्धा किलो तरी. यात पहिला कोणी येतच नाही.

हे ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड असणार. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड या तीन पायऱ्या आहेत. पहिली साधारण चौदाव्या वर्षी, दुसरी पंधराव्या, तिसरी सोळाव्या वर्षापासून. म्हणजे नातवाने पहिली पायरी पूर्ण केली. स्पर्धा कोणाशीच नाही. ठरवलेलं पुरं केलंत की मिळालं, नाही केलंत तर नाही.

ब्रॉन्झला चार गोष्टी लागतात. कोणाच्या तरी उपयोगी पडायचं, शरीराला काहीतरी व्यायाम द्यायचा आणि एक कला किंवा कौशल्य शिकायचं. हे तिन्ही किमान तीन-तीन महिने, आणि त्यातलं एक सहा महिने, आठवड्याला तासभर या हिशोबाने. चौथी म्हणजे मोहीम: दोन दिवस, एक रात्र, पाठीवर तंबू आणि शिधा घेऊन, नकाशा बघत चालायचं. चार ते सात जणांचा गट. मोठी माणसं लांबून लक्ष ठेवतात, पण रस्ता दाखवत नाहीत.

माझ्या मुलाने उपयोगी पडण्यासाठी एका धर्मादाय दुकानात (लोकांनी दान दिलेल्या वस्तू विकतात तिथे) दर शनिवारी जुन्या कपड्यांना इस्त्री केली. घरी त्याने आजवर स्वतःचा शर्ट इस्त्री केलेला नाही, हे इथे नमूद करते. मोहीम होती लोमंड हिल्समध्ये, फॉकलंड गावाच्या डोक्यावर. त्यातला वेस्ट लोमंड ५२२ मीटर. सह्याद्रीच्या माणसाला ही टेकडीच, पण मे महिन्यातला आडवा पाऊस कराडच्या पावसासारखा नसतो गुरुजी, तो कानात शिरतो. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. गटातल्या मुलांनी ती पहिल्याच थांब्यावर संपवली आणि मुलाच्या वाट्याला कोरडा पास्ता आला. तंबूच्या खुंट्या कोणी आणायच्या यावर दोघांचा समज वेगळा होता, म्हणून चार खुंट्यांवर तंबू उभा राहिला आणि बाकीच्या दोऱ्या दगडांना बांधल्या. दुपारी एका कुंपणापाशी नकाशा उलटा धरला गेला आणि दोन किलोमीटर उलट चालणं झालं. हे सगळं मला त्याने एकदम सांगितलं नाही. बूट वाळत घालताना, जेवताना, असं आठवडाभर तुकड्यातुकड्याने बाहेर आलं. चिखलाचे बूट दारात काढताना तो पहिलं वाक्य बोलला ते असं: ‘आई, पाठपिशवीत सगळ्यात जड काय असतं माहितीये? पाणी.’ आयुष्यभर नळाचं पाणी प्यायलेलं पोर.

तुम्ही मुख्याध्यापक होतात म्हणून थोडा इतिहास सांगते. या योजनेचं मूळ स्कॉटलंडमध्येच आहे. नाझी जर्मनीतून बाहेर पडलेल्या कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाने १९३४ मध्ये मोरे भागात गॉर्डनस्टन शाळा काढली आणि १९३६ मध्ये मुलांसाठी याच धर्तीचा ‘मोरे बॅज’ सुरू केला. पुढे एलिझाबेथ राणीचे पती आणि ड्यूक ऑफ एडिनबरा झालेले फिलिप त्याच शाळेतले. त्यांनी १९५६ मध्ये हे अवॉर्ड चालू केलं, आणि त्याचे पहिले संचालक होते जॉन हंट. नाव ओळखीचं वाटलं ना? १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते, ज्यांच्या तुकडीतून तेन्झिंग आणि हिलरी वर पोचले. म्हणजे नातवाच्या हातातला कागद तेन्झिंगच्या पुढाऱ्याच्या टेबलावरून निघालेला आहे, असं म्हणायला हरकत नाही. हीच योजना भारतातही वेगळ्या नावाने चालते, तुमच्या जुन्या शाळेला हवी असेल तर चौकशी करा.

नंबर अजिबात नसतात असं नाही. बऱ्याच शाळांत वर्षाअखेर ‘डक्स’ निवडतात, अभ्यासात सर्वांत वरचा विद्यार्थी. मेडल देतात, काही ठिकाणी लाकडी फलकावर सोनेरी अक्षरांत नाव लिहितात. आमच्या हॉलमधल्या फलकाखाली मुलं उभी राहून सँडविच खातात आणि एकही नाव वाचत नाहीत. आणखी एक मला विशेष आवडतं, वायपीआय म्हणून. मुलांचे गट आपल्या गावातल्या छोट्या संस्थेची माहिती काढतात, तिथे जाऊन भेटतात आणि सगळ्यांसमोर तिची बाजू मांडतात. जिंकणाऱ्या गटाला स्वतःला काही मिळत नाही, त्या संस्थेला ३,००० पौंड मिळतात. माझी धाकटी दुसऱ्या क्रमांकावर राहिली. संस्थेला पैसे मिळाले नाहीत म्हणून दोन दिवस जेवली नाही, आणि तेव्हा मला तुमच्यासारखीच रुखरुख लागली. तेव्हा नंबराचं वेड माझंही सुटलेलं नाही, गुरुजी.

नातवाला फोन कराल तेव्हा कितवा आलास विचारू नका. रात्री तंबूत काय झालं ते विचारा. तासभर बोलेल.

मुलीला शाळेत बॅगपाइप शिकायची आहे. फी किती असते? आणि आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, खालच्या मजल्यावरचे आजी-आजोबा तक्रार करतील का? – डंडी

फी नाही. सरकारी शाळांतलं वाद्यशिक्षण २०२१ पासून मोफत आहे. जागा मात्र मोजक्या असतात, तेव्हा नाव लवकर द्या.

शेजाऱ्यांची चिंता आत्ता करू नका. सुरुवातीला पिशवीचं वाद्य हातात देतच नाहीत. आधी प्रॅक्टिस चँटर, म्हणजे बासरीएवढी एक नळी. आवाज बंद दाराआड मधमाशी फिरावी तेवढा. त्यावर बोटं बसेपर्यंत कित्येक महिने जातात, आणि अर्धी मुलं तिथेच कंटाळतात. तुमची टिकली आणि खरी पिशवी घरी आली, की त्या दिवशी खालच्या आजी-आजोबांना गरम पुरणपोळी नेऊन द्या, आणि मग मला पुन्हा लिहा.