साखर घातल्यावर दिसणारा हळू चढ पाण्याचा नाही

रत्नागिरीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: अंड्याच्या लेसिथिनचे १०० नॅनोमीटर व्यासाचे लायपोसोम (मेदाच्या पटलाच्या पोकळ, सूक्ष्म पुटिका) केलेत, काही नुसते, काहींत अ‍ॅक्वापोरिन, म्हणजे पाणी जाऊ देणारं चॅनेल-प्रोटीन, बसवलेलं. साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये (नमुन्यातून प्रकाश किती अडतो ते मोजणारं यंत्र) क्युव्हेट, म्हणजे नमुन्याची काचेची चौकोनी नळी, ठेवून पिपेटने साखरेचं द्रावण घातलं की वाचन एकदम उडी मारतं आणि मग पाचेक मिनिटं हळू चढत राहतं. प्रोटीनवाल्यात चढ जास्त. या चढावरून पाण्याची पारगम्यता काढता येईल का?

नाही. आधी पुटिका आकसायला लागणारा काळ कागदावर काढा, मग यंत्राकडे जा. गोल पुटिकेसाठी अंदाज सोपा आहे: काळ = त्रिज्या ÷ (३ × पीएफ × १८ × बाहेरची ऑस्मोलॅरिटी). पीएफ म्हणजे परासरणी पारगम्यता, ऑस्मोलॅरिटी म्हणजे विरघळलेल्या कणांची एकूण तीव्रता, १८ हे पाण्याचं मोलर आकारमान घनसेंटिमीटरमध्ये. त्रिज्या ०.०००००५ सेंमी, नुसत्या मेदपटलाचा पीएफ हिशोबापुरता ०.००५ सेंमी प्रति सेकंद, बाहेर ४०० मिलिऑस्मोल म्हणजे ०.०००४ मोल प्रति घनसेंमी. उत्तर येतं सुमारे ४६ मिलिसेकंद. चॅनेलमुळे पीएफ दहापट झाला तर ४ ते ५ मिलिसेकंद. तुमचा हात पिपेट दाबून बाहेर येईपर्यंत एक-दोन सेकंद जातात, म्हणजे झाकण लावायच्या आतच पाणी बाहेर पडून मोकळं झालेलं असतं.

ती सुरुवातीची उडीसुद्धा निव्वळ पाण्याची नाही. पुटिका आकसल्या की प्रकाश जास्त विखुरतो, पण बाहेर साखर आली की बाहेरचा अपवर्तनांक वाढतो आणि विखुरणं कमी होतं. शिवाय नमुना पातळ होतो तो वेगळाच. तिन्ही गोष्टी एकाच आकड्यात मिसळलेल्या आहेत.

मग पाच मिनिटांचा चढ कशाचा? पावसाळ्यात किनाऱ्यावर पहिला संशय धुक्याचा घ्यावा. फ्रिजमधलं साखरेचं द्रावण क्युव्हेटमध्ये पडलं की काचेच्या बाहेरच्या बाजूला दव धरतं आणि वाचन वाढतं. सगळी द्रावणं तासभर आधी बाहेर काढून ठेवा, आणि लायपोसोमशिवाय नुसत्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) तीच साखर घालून पाहा. तरीही चढ दिसला तर प्रश्न तिथेच मिटला. नाही दिसला, तर जड साखर तळाशी बसून सावकाश मिसळत असेल (क्युव्हेट तीनदा उलटी करा), किंवा पुटिका एकमेकींना चिकटून गोळे होत असतील. नीट एक्स्ट्रूड न झालेल्या (बारीक छिद्रांच्या गाळणीतून दाबून एकसारख्या न केलेल्या), कांद्यासारख्या अनेक पदरांच्या पुटिकाही शेपूट लांबवतात. प्रोटीनवाल्यात चढ जास्त येतो त्याला प्रोटीन बसवताना वापरलेलं आणि डायलिसिसनंतरही (पटलातून डिटर्जंट धुऊन काढण्याची पायरी) उरलेलं ऑक्टिल ग्लुकोसाइड हे डिटर्जंटही कारण असू शकतं, कारण त्याने पटलाची वागणूक बदलते. म्हणून तुलनेसाठीचे नुसते लायपोसोमही त्याच डिटर्जंटमधून, त्याच डायलिसिसमधून गेलेले हवेत. सरळ एक्स्ट्रूड केलेल्यांशी केलेली तुलना फुकट.

चर्चेत कोणी खाडीचं पाणी वापरायचं सुचवलंय. समुद्राचं पाणी हजार मिलिऑस्मोलच्या आसपास असतं हे खरं, पण त्यात कॅल्शियम सुमारे १० आणि मॅग्नेशियम ५० मिलिमोलर असतं. ऋणभारित मेद असेल तर पुटिका लगेच गोळा होतात आणि तुम्ही ते आकसणं समजून बसता. आणि आषाढात खाडीची खारटाई रोज वेगळी.

खरं मोजमाप स्टॉप्ड-फ्लोवर, म्हणजे दोन सिरिंजमधली द्रावणं झटक्यात मिसळून लगेच मोजणाऱ्या यंत्रावर. तिथे मिसळायला एक-दोन मिलिसेकंदच लागतात. पुटिकांच्या आत-बाहेर २० मिलिमोलर हेपेस (बफरचं रसायन), १०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, पीएच ७.५. दुसऱ्या सिरिंजमध्ये हाच बफर अधिक ४०० मिलिमोलर मॅनिटॉल (१०० मिलीला ७.३ ग्रॅम). समान भाग मिसळल्यावर फरक २०० मिलिऑस्मोलचा राहतो. इथल्या हवेत साखर ओल धरून वजनाला खोटी पडते, मॅनिटॉल तसा ओलावत नाही. तरी तराजूवर भिस्त नको, ऑस्मोमीटरवर (ऑस्मोलॅरिटी मोजणारं यंत्र) आकडा घ्या. नव्वद अंशांत विखुरलेला प्रकाश मोजा. एक फेरी बफर-बफर मिसळून घ्यायचीच. तिथे रेषा सपाट नसेल तर पुढचं काही खरं मानू नका.

आकार हा इथला सगळ्यात मोठा चोर आहे. काळ त्रिज्येच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे प्रोटीनवाल्या पुटिका ७० नॅनोमीटरच्या निघाल्या तर चॅनेल बंद असूनही त्या वेगवान दिसतील. डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणं) दोन्ही नमुन्यांचं, त्याच दिवशी. मेदाचा थर काढताना क्लोरोफॉर्म उडून नळी थंड होते आणि हवेतली ओल आत बसते, म्हणून कोरडा नायट्रोजन आणि नंतर दोन तास तरी निर्वात.

चॅनेल खरंच चालतंय का, याचा माझ्या मते सर्वांत भरवशाचा पुरावा तापमानाचा. १० ते ३० अंशांत पाच ठिकाणी वेग मोजून आऱ्हेनियस आलेख (तापमानाने वेग किती बदलतो त्यावरून सक्रियण ऊर्जा काढणारा) काढा. मेदातून जाणाऱ्या पाण्याची सक्रियण ऊर्जा मोलला १० किलोकॅलरीच्या वर असते, चॅनेलमधून ४-५. पीटर अ‍ॅग्रे यांच्या गटाने १९९२ साली बेडकाच्या अंडपेशी फुगवून दाखवलेलं प्रोटीन, आजचं अ‍ॅक्वापोरिन-१, ०.३ मिलिमोलर मर्क्युरिक क्लोराइडने अडतं आणि मर्कॅप्टोइथेनॉलने परत उघडतं. पण अ‍ॅक्वापोरिन-४ पाऱ्याला दाद देत नाही, तेव्हा तुमचं कुठलं ते आधी बघा. बफरमध्ये डीटीटी (मर्कॅप्टोइथेनॉलसारखंच पाऱ्याला धरणारं रसायन) राहिलं असेल तर पारा तिथेच अडकतो. पारा नुसत्या लायपोसोमवरही चालवून पाहा. पाऱ्याचं उरलेलं द्रावण बेसिनमध्ये नाही, बंद बाटलीत, नाव लिहून.

नमुना मुंबई-पुण्याला न्यायचा असेल तर गोठवू नका, पुटिका फुटून आकार बदलतो. मासळीचा थर्माकोलचा डबा उत्तम, फक्त बर्फात मीठ नको. मिठाने तापमान शून्याखाली जातं आणि नळ्या गोठतात. नळ्या कापडात गुंडाळा.

यंत्राची वेळ मागण्याआधी दोन्ही नमुन्यांचा डीएलएस आकार, बफरची ऑस्मोमीटरवरची वाचनं आणि नुसत्या बफरमधल्या साखरेचा आलेख इथे टाका. अपेक्षित काळ किती आणि किती सेकंदांची नोंद घ्यायची, ते त्यावरून सांगता येईल.