झाडाच्या उत्तर बाजूलाच शेवाळ जास्त येतं का?

तुम्ही विचारलंय की खोडाच्या उत्तरेला शेवाळ जास्त येतं हे खरं का, आणि मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी ते तपासायचं कसं. विषय फार छान निवडलाय, कारण पुस्तकातला हा नियम आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही.

लंडनसारख्या ५१ अंश अक्षांशावरच्या ठिकाणी दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेला असतो. उत्तर बाजू सावलीत राहते, ओल टिकते. मुंबई-पुण्यात मात्र मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारी सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. शून्य सावलीच्या, म्हणजे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो त्या, दोन दिवसांमधला हा काळ. म्हणजे शेवाळ धरायला लागतं नेमकं तेव्हाच! त्यातही आभाळ भरलेलं, त्यामुळे उजेड चहूबाजूंनी जवळपास सारखाच. मग बाजू ठरवतो पाऊस. नैर्ऋत्येच्या वाऱ्याने सरी तिरप्या येतात आणि उघड्यावरच्या झाडाची तीच बाजू सगळ्यात जास्त भिजते.

ऑगस्टपासून दुपारचा सूर्य पुन्हा दक्षिणेला असतो, आणि ऑक्टोबरनंतर तो आणखी खाली सरकतो. डिसेंबरअखेरीस पुण्यात दुपारी तो क्षितिजापासून साधारण ४८ अंशच वर येतो. आता दक्षिण बाजू आधी वाळते, उत्तरेची ओल मागे राहते. म्हणून मोजणी दोनदा करा, ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत. माझ्या मते प्रकल्पाचा खरा जीव या दोन मोजण्यांच्या फरकात आहे. ऊन थेट काय करतं यापेक्षा ते साल किती लवकर वाळवतं, हे पाहायला हवं.

फक्त हिरवंच मोजू नका. माडाच्या खोडावर तांबूस-नारिंगी थर दिसतो, तो बऱ्याचदा ट्रेंटेपोलिया असतो. हेही हिरव्या शैवालांच्याच गटातलं. नखाने खरवडलं की हळदीसारखी पूड बोटाला लागते. तो रंग कॅरोटीन या नारिंगी रंगद्रव्याचा. हरितद्रव्य त्याखाली झाकलं जातं आणि प्रखर उन्हापासून वाचतं.

झाडं एकाच जातीची, सरळ खोडाची, मोकळ्यावरची घ्या. कललेल्या खोडाची वरची बाजू भिजते आणि खालची कोरडी राहते, तिथे दिशेचा संबंधच उरत नाही. पेरू साल टाकतो, तो नको. आंब्याची खडबडीत साल उत्तम. पारदर्शक प्लास्टिकवर १० × १० सेंटीमीटरचा चौकोन आखून त्यात १०० घरं करा. छातीच्या उंचीवर आठही दिशांना तो धरून शेवाळाने भरलेली घरं मोजा. दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर बघा, पण लोखंडी कुंपणापासून लांब उभं राहून.

एक गोष्ट मुलीला आवर्जून सांगा: दिशांच्या अंशांची साधी सरासरी काढायची नाही. ३५० आणि १० या दोन्ही दिशा उत्तरेच्या, पण सरासरी येते १८०, म्हणजे थेट दक्षिण. त्यापेक्षा आठ दिशांचे आठ रकाने करून प्रत्येकाची बेरीज वेगळी ठेवा.