काळ्या रानात पडलेली सोन्याची अंगठी शोधताना मेटल डिटेक्टरची सेटिंग कशी ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की खुरपणी करताना आईंची अंगठी रानात पडली, म्हणून डिटेक्टर आणला, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बारीक इशारा पकडण्याची ताकद, शेवटपर्यंत वर नेली आणि आता मशीन पावलापावलाला वाजतंय. मी गावोगाव असे हरवलेले दागिने शोधून देतो. तुमचं मशीन बिघडलेलं नसावं. ते तुमची माती ऐकतंय.

आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली आहे आणि त्या खडकात मॅग्नेटाइट असतं. ओढ्याच्या वाळूतून चुंबक फिरवून बघा, काळी भुकटी चिकटून येईल. मशीनच्या खालच्या गोल तबकडीला, म्हणजे कॉइलला, या भुकटीचाही इशारा मिळतो. सेन्सिटिव्हिटी वाढवली की अंगठीबरोबर हा गोंगाटही तितकाच वाढतो. खोली मात्र फारशी वाढत नाही, कारण कॉइलच्या रुंदीपलीकडे गेलं की अंतर दुप्पट झाल्यावर छोट्या वस्तूचा इशारा साधारण ६४वा भाग उरतो. म्हणून आधी सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणा. कॉइल स्थिर धरली असताना मशीन गप्प राहायला हवं. तरीही तडतडत असेल तर वरून विजेची तार गेली आहे का, विहिरीवरची मोटर चालू आहे का, आणि मुख्य म्हणजे रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन चालू आहे का ते बघा. झटका मशीन बंद केल्याशिवाय मी कामाला सुरुवातच करत नाही. खिशातला मोबाइलही बांधावर ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा इशारा मशीनला वगळायला लावणं. यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या. जिथे काहीच धातू नाही अशी जागा निवडा. कॉइल गुडघ्याएवढी उचला, मग जमिनीपासून दोन-तीन इंचांवर आणा, पुन्हा उचला. खाली येताना किंवा वर जाताना आवाज बदलत असेल तर ग्राउंड बॅलन्सचा आकडा एकेक घर बदलत जा. दोन्ही वेळा आवाज सारखा राहिला की जमलं. काही मशीनमध्ये बटण दाबून धरलं आणि कॉइल अशीच वर-खाली केली की ते आपोआप होतं. काळी माती संपून मुरूम लागला की हे पुन्हा करा. कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीत तर दर थोड्या अंतरावर करावं लागतं. स्वस्त मशीनला ही सोय नसते. मग सेन्सिटिव्हिटी आणखी कमी करा आणि कॉइल इंचभर वर धरून चाला.

डिस्क्रिमिनेशनबद्दल, म्हणजे नको असलेले धातू गाळायच्या सोयीबद्दल, माझं मत ठाम आहे: सोनं शोधताना ते जवळजवळ शून्यावर ठेवा. पातळ अंगठीचा पडद्यावर दिसणारा आकडा बहुतेक मशीनवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या आसपास येतो. गुटख्याच्या पुड्या, गोळ्यांची पाकिटं, औषधांची रिकामी पाकिटं नकोत म्हणून तो पट्टा बंद केला, तर अंगठीही त्यातच जाते. शिवाय खनिजं जास्त असलेल्या जमिनीत खोल गेलेल्या सोन्याचा आकडा लोखंडाकडे झुकतो. म्हणून आकड्यापेक्षा आवाजावर विश्वास ठेवा. एका बाजूने कॉइल फिरवा, मग काटकोनात उभे राहून पुन्हा फिरवा. दोन्हीकडून गोल, सारखा आवाज आला तर खणा. बैलाच्या नालेचा वाकडा खिळा बऱ्याचदा एकाच बाजूने नीट वाजतो.

चाचणी नाण्यावर करू नका. हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची असतात, सोन्याशी त्यांचा काही मेळ नाही. घरातली तशीच दुसरी अंगठी घ्या, तिला लाल दोरा बांधा आणि त्याच रानात आधी वर ठेवून, मग दोन, चार इंच पुरून ऐका. मशीनला वारंवारता बदलता येत असेल तर वरची, १५ ते २० किलोहर्ट्झच्या आसपासची, निवडा. बारीक सोन्याला ती बरी पडते. साखळी हरवली असती तर काम अवघड होतं, कारण प्रत्येक कडी वेगळी पडल्यासारखी दिसते. मंगळसूत्र शोधताना मी वाट्यांच्या आवाजावरच भिस्त ठेवतो.

रान दोऱ्या लावून पट्ट्यांत वाटा. कॉइल जमिनीला समांतर ठेवा, हात पुढे गेला की टोकाला ती उचलली जाते, ते टाळा. प्रत्येक फेरीत मागच्या फेरीचा निम्मा भाग पुन्हा झाकला गेला पाहिजे. उन्हाळ्यात भेगा पडल्या असतील तर भेगांवरून सावकाश जा, अंगठी त्यात हातभर खाली गेलेली असू शकते आणि एवढ्या खोलीवर कुठलीही सेटिंग कामाला येणार नाही. रोटाव्हेटर मात्र आत्ता फिरवू नका.

एक गोष्ट मध्येच सांगतो. शोधताना जुनी नाणी किंवा पुरलेलं काही निघालं आणि त्याची किंमत १० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. आणि हे मशीन घेऊन किल्ल्यावर अजिबात जाऊ नका.

आवाज पक्का झाला की पिनपॉइंट करा, म्हणजे नेमकी जागा हेरा, आणि खुरपं चार बोटं बाहेरून घाला, नाहीतर पात्याने अंगठी वाकते. ढेकूळ अख्खं उचला आणि खड्ड्यावरून कॉइल फिरवा. खड्डा गप्प असेल तर मशीन बाजूला आडवं ठेवा, ढेकूळ फोडा आणि एकेक मूठ माती कॉइलवरून न्या. जी मूठ वाजेल, तीच चाळायची.