जावास्क्रिप्टचा ॲरे जावात कास्ट का होत नाही?

प्रश्न : दादा, मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कळमना मार्केटातल्या एका संत्र्याच्या आडत्यासाठी जावा ८ मधे बिलिंगचं छोटं सॉफ्टवेअर बनवून राहिलो. भावाचे नियम सारखे बदलतात म्हणून ते जावास्क्रिप्टमधे ठेवले आणि नॅशहॉर्न या जावातल्या जावास्क्रिप्ट इंजिनने चालवतो. स्क्रिप्ट भावांचा ॲरे (यादी) देते, पण जावात ऑब्जेक्टच्या ॲरेत कास्ट केला की क्लासकास्टएक्सेप्शन (टाइप जुळत नसल्याची एरर) येतं. एकेक भाव काढून डबलमधे (दशांश आकड्याच्या टाइपमधे) कास्ट केला तर कधी चालतं, कधी नाही. काय चुकून राहिलं?
— एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : भाऊ, कास्ट केल्याने वस्तू बदलत नाही, जावा फक्त तपासतं की ती त्या टाइपची आहे का, आणि नॅशहॉर्न तुला जावाचा ॲरे देतच नाही, तो देतो स्क्रिप्टऑब्जेक्टमिरर, म्हणजे जावाच्या नजरेत एक मॅप (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा संच). गेटक्लास (वस्तूचा खरा टाइप) प्रिंट करून बघ, लगेच दिसेल. त्या मिररवर इजॲरेने खात्री कर आणि व्हॅल्यूजने भाव काढ.

आता कधी चालतं कधी नाही त्याचं. जावास्क्रिप्टमधे नंबर एकच, पण नॅशहॉर्न ४० ला इंटिजर (पूर्णांक) करून देतो आणि ४०.५ ला डबल, म्हणून भाव पूर्ण रुपयात आला की तुझं कास्ट फुटतं. नंबर या टाइपमधे कास्ट कर आणि मग डबलव्हॅल्यू घे, दोन्हीला चालतं. लिस्टला डबलची लिस्ट म्हणून कास्ट करून गप्प बसू नको, जेनेरिक्स (लिस्टमधे कोणता टाइप आहे ही नोंद) प्रोग्राम चालताना उरत नाहीत त्यामुळे ते तिथे खपून जातं आणि बिल काढताना भलत्याच ओळीवर फुटतं, मग शोधत बसावं लागतं.

मला विचारशील तर स्क्रिप्टमधेच जावा डॉट टू वापरून ॲरे डबलच्या ॲरेत बदल, मग जावात डबलच्या ॲरेत केलेलं कास्ट खरंच चालतं. इथे इंटचा ॲरे मागू नको हं, ४२.७५ चे ४२ होतील आणि एररही येणार नाही, शेतकऱ्याचे पैसे जातील. डबलमधेही एखादा भाव आकड्याऐवजी भलताच मजकूर असला तर गुपचूप नॅन (हा आकडा नाही, अशी खूण) येतो, तो तपासूनच बिल काढ.

आणि नॅशहॉर्न जावा १५ पासून जेडीकेमधे (जावाच्या मूळ किटमधे) नाही, इंजिन मागितलं तर नल, म्हणजे काहीच नाही, मिळतं. तो वेगळी लायब्ररी म्हणून जोडता येतो, पण पॅकेजचं नाव बदललंय, इम्पोर्ट बदलावे लागतील. आडत्याच्या कॉम्प्युटरवर कोणतं जावा आहे ते आजच पाहून घे.